स्पेक रेसिंगमध्ये सगळ्यांच्या गाड्या सारख्याच असतात, तरी इंजिनावरून एवढी भांडणं का होतात?

सारख्या असतात हे अर्धसत्य आहे. मी कॅलिफोर्नियात राहतो आणि सुट्टीच्या दिवशी मित्राच्या स्पेक मियाटावर हात काळे करतो, त्यामुळे त्याच वर्गाबद्दल सांगतो.

या वर्गात १९९० ते २००५ दरम्यानच्या माझदा मियाटा धावतात. सस्पेन्शन ठरलेलं, टायर ठरलेले. पण जुन्या गाड्यांना १.६ लिटरचं इंजिन आणि १९९४ पासूनच्यांना १.८. मग बरोबरी साधायला कमीत कमी वजनाची अट गाडीगणिक वेगळी, आणि ताकदवान इंजिनाच्या हवेच्या वाटेत रिस्ट्रिक्टर, म्हणजे मधे ठरावीक मापाचं भोक असलेली चकती. 'अमक्या सालच्या गाडीला झुकतं माप दिलंय' ही कुरकुर त्यामुळे कायमचीच. मला ती फार गंभीर वाटत नाही. भोक मोजता येतं, गाडी काट्यावर चढवता येते.

खरी गोम इंजिनाच्या पोटात आहे. इंजिन बहुतांशी कंपनीतून आलं तसंच हवं, असा नियम. पण कारखान्यातून निघालेले दोन भाग तंतोतंत सारखे कधीच नसतात, मापात थोडं इकडेतिकडे चालतं. भंगारातून आणलेल्या इंजिनात जे नशिबी येईल ते. नावाजलेला इंजिन बिल्डर मात्र पाच हेड (सिलिंडरवर बसणारा, व्हॉल्व्ह असलेला भाग) तपासून एक उचलतो आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा-इंधन किती दाबलं जातं ते, परवानगीच्या काठापर्यंत नेऊन ठेवतो. सगळं नियमात बसवून! याला लबाडी म्हणता येणार नाही, पण त्यासाठी काही हजार डॉलर लागतात.

लबाडी सुरू होते ती अगदी बारीक जागी. व्हॉल्व्ह सीटच्या, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कड्याच्या, खाली कटर सरळ उतरवून थोडं कापायला परवानगी होती. कटर जिथे थांबतो तिथे, पोर्टच्या (हेडमधल्या हवेच्या वाटेच्या) ओतीव वळणावर, एक धारदार कंगोरा उरतो आणि आत येणारी हवा त्यावर अडखळते. तो कंगोरा हाताने घासायचा नाही, असा दंडक होता. कुणी पॉलिश पेपर फिरवला तर बाहेरून काही दिसत नाही. हेड उतरवावं लागतं, मग कुठे ती गुळगुळीत कड हाताला लागते. २०१४ साली कॅलिफोर्नियातल्या लागुना सेका ट्रॅकवर एससीसीएची (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, या शर्यती भरवणारी संस्था) राष्ट्रीय अंतिम शर्यत, म्हणजे रनऑफ्स झाली, तेव्हा हेड उघडली आणि पहिल्या फळीतल्या अनेक गाड्या याच कारणावरून बाद झाल्या. 'सगळेच करतात' हा बचाव तेव्हा भरपूर ऐकू आला. पुढे त्या जागी मर्यादित काम करायची मुभा देऊन नियमच सैल करावा लागला. माझ्या मते ते योग्यच झालं, कारण जे दर शर्यतीला तपासता येत नाही त्यावर बंदी घातली की प्रामाणिक माणूसच मागे पडतो.

तपासणी तरी कोण करणार? हौशी शर्यतीत बहुतेक तपासनीस स्वयंसेवक असतात. स्पार्क प्लगच्या भोकाला जोडायचं 'व्हिसलर' नावाचं यंत्र आवाजावरून कॉम्प्रेशन रेशो सांगतं, इंजिन न उघडता. त्यापलीकडे शंका असेल तर प्रतिस्पर्धी लेखी तक्रार करू शकतो, पण इंजिन उघडून पुन्हा जोडायच्या खर्चाची अनामत भरून. इंजिन निर्दोष निघालं तर तो भुर्दंड तक्रार करणाऱ्यावर. म्हणून पार्किंगमध्ये कुजबुज खूप आणि कागदावर तक्रारी थोड्या.

दुसरा मार्ग सीलबंद इंजिनाचा. स्पेक रेसर फोर्ड या वर्गात इंजिनाला सील असतं आणि ते अधिकृत माणसाशिवाय कुणी उघडायचं नाही. भांडणं कमी होतात हे खरं, पण ज्याला स्वतः इंजिन बांधायची हौस आहे त्याची निम्मी मजा जाते, आणि दुरुस्तीला एकाच दारात उभं राहावं लागतं. आपल्याकडे भारतात २०१० मध्ये सुरू झालेल्या फोक्सवॅगन पोलो कपमध्ये तर गाड्याच कंपनीच्या होत्या, देखभालही तिचीच. स्पर्धकाने यायचं आणि चालवायचं.

तुम्ही या खेळात उतरायच्या विचारात असाल तर पहिली दोन वर्षं इंजिनाची चिंता करू नका. मधल्या घोळक्यात जे सेकंद जातात ते ब्रेक कुठे दाबला यावर जातात, पोर्टमधल्या कंगोऱ्यावर नाही. जुनी स्पेक मियाटा घेताना मात्र इंजिन कुणी बांधलं, हेडवर काय काम झालंय आणि त्याची कागदपत्रं आहेत का हे आधी विचारा, आणि लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरात दाबाने हवा भरून किती गळते ते बघणं) तुमच्या समोर करायला लावा. मालक टाळाटाळ करू लागला तर दुसरी गाडी बघा, बाजारात पुष्कळ आहेत.