विसर्जनानंतरची पहाट

प्रश्न : माझे माहेर औसा तालुक्यात, किल्लारीजवळच्या एका खेड्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी आठ वर्षांची होते. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन करून आम्ही उशिरा परतलो आणि मी आजीजवळ अंगणात झोपले. पाच वर्षांचा धाकटा भाऊही आमच्याजवळ आला होता. पण वाकळेवरून आमचे भांडण झाले आणि मी त्याला ‘जा आईकडे’ म्हणून घरात पाठवले. आई आणि तो, दोघेही गेले. वडील शेतावर जागलीला होते म्हणून वाचले. पुढे मी मामांकडे सोलापूरला वाढले आणि वडिलांनी दुसरे लग्न केले. नवी आई मायाळू आहे. दरवर्षी अविधवा नवमीला ती माझ्या आईच्या नावाने पान वाढते. भावाचे नाव मात्र तेव्हापासून घरात कोणी उच्चारलेले नाही. भांडणाची गोष्ट मी नवऱ्यालाही सांगितलेली नाही. आता मी चाळिशीत आहे आणि पुण्यात राहते. गणपती गेले की आठ-दहा दिवस मला झोप लागत नाही, छातीत धडधडते. एरवीही रात्री खोलीला कडी लावलेली मला सहन होत नाही. डॉक्टरांच्या सर्व तपासण्या ठीक आल्या आहेत. यंदा माझा अकरा वर्षांचा मुलगा विचारू लागला, ‘आई, आपली बिल्डिंग पडेल का?’ इतक्या वर्षांपूर्वीच्या गोष्टीचा त्रास अजून होणे हा आजार आहे का? मुलाला काय सांगू? वडील सत्तरीच्या पुढे गेले आहेत. त्यांच्याशी बोलावे का?

उत्तर : तुम्ही तीन प्रश्न विचारले आहेत, परंतु जी गोष्ट कोणालाही सांगितली नव्हती ती तुम्ही या पत्रात लिहिली आहे, म्हणून आधी तिच्याविषयी बोलतो.

तुमच्या भावाचा आणि आईचा मृत्यू वाकळेवरच्या भांडणाने झाला नाही, घराने झाला. त्या भागातली जुनी घरे म्हणजे चिखलात रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचे माळवद. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर पडत असे आणि पिढ्यान्‌पिढ्या ते ओझे वाढत गेलेले होते. पहाटे चारच्या सुमारास, माणसे विसर्जनाहून दमून येऊन गाढ झोपलेली असताना जमीन हादरली, भिंती दोन्ही अंगांना फुटल्या आणि ते छत खाली आले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसे त्यात गेली. त्यांपैकी बहुतेकांचे त्या रात्री कोणाशीही भांडण झालेले नव्हते. ती नेहमीप्रमाणे आपापल्या घरात झोपली होती.

हे तुम्हाला आज कळते, यात मला शंका नाही. परंतु हा हिशेब आठ वर्षांच्या मुलीने मांडला होता आणि त्या वयाची मुले घडलेल्या प्रत्येक गोष्टीचे कारण स्वतःत शोधतात. ‘माझ्यामुळे झाले’ हा विचार भयंकर असला तरी ‘कोणत्याही कारणाशिवाय जमीन माझ्या आईला गिळू शकते’ या विचाराहून मुलाला तो पेलवतो, कारण पहिल्या विचारात जगाला निदान काही नियम उरतो. अशा वेळी एखाद्या मोठ्या माणसाने जवळ घेऊन ‘पोरी, यात तुझी काही चूक नाही’ असे पुन्हापुन्हा सांगावे लागते. तुमच्या भोवतालची सर्व मोठी माणसे त्या वेळी स्वतःच मोडून पडलेली होती. त्यामुळे तो हिशेब कोणी तपासला नाही, आणि न तपासलेला अपराधभाव माणसाबरोबर वाढत नाही. तो आठच वर्षांचा राहतो. ही गोष्ट आता सर्वप्रथम आपल्या पतीला सांगा. उपदेश न करता ऐकून घेणारे एक माणूस मिळणे हा उपचाराचाच भाग आहे.

आता आजाराविषयी. मोठ्या आघातानंतर झोप उडणे, छाती धडधडणे, बंद जागा टाळणे, सदैव सावध राहणे या लक्षणांच्या समूहाला आघातोत्तर तणाव विकार किंवा पीटीएसडी म्हणतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये आपल्या निदान-पुस्तिकेत त्याचा समावेश केला. तुम्हाला तो आहे की नाही हे प्रत्यक्ष भेटीनंतरच ठरवता येईल, पत्रावरून ठरवणे योग्य नाही. तुमच्या वर्णनातून एवढे मात्र दिसते की तुमचे शरीर त्या रात्रीची आठवण अजून जपून आहे. धोक्याची सूचना देणारा मेंदूतला भाग तारीख पाहत नाही. वास, आवाज, हवेतला गारवा एवढ्यानेही तो जागा होतो. तुमच्या बाबतीत हे वर्षातून दोनदा घडते, कारण त्या रात्रीला दोन वर्धापनदिन आहेत. एक दिनदर्शिकेतला ३० सप्टेंबर आणि दुसरा तिथीने येणारी अनंत चतुर्दशी. पुण्यात विसर्जनाचे ढोल वाजू लागले की तुमच्या शरीराच्या लेखी तीच रात्र सुरू होते आणि दोन्ही तिथी-तारखा जितक्या दूर पडतात तितका तो काळ लांबतो. पुढच्या वर्षीपासून हे दिवस आधीच ओळखून ठेवावेत, त्यांत मोठी कामे घेऊ नयेत आणि रात्री धडधड सुरू झाली तर दिवा लावून, पाय जमिनीला घट्ट टेकवून, समोर दिसणाऱ्या वस्तूंची नावे मोठ्याने घ्यावीत. आपण आज कोठे आहोत हे शरीराला कळावे, एवढाच त्यामागचा हेतू आहे.

तपासण्या ठीक आल्या तरी वरचेवर करत राहा. अमेरिकेतील फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी १७ हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी केली होती. तिचे निष्कर्ष १९९८ पासून प्रसिद्ध होऊ लागले आणि बालपणातल्या प्रतिकूल अनुभवांचा प्रौढपणीच्या हृदयविकारासारख्या आजारांशीही संबंध असतो, असे त्यातून दिसले. या संबंधाला विधिलिखित मानू नये. तो काळजी घेण्याचे कारण आहे, घाबरण्याचे नव्हे.

इतक्या वर्षांनी उपचार होतो का, अशी शंका तुमच्या पत्रात शब्दांमागे आहे. होतो. आघातावर केंद्रित असलेली विचार-वर्तन उपचार पद्धती आणि डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने केली जाणारी ईएमडीआर ही पद्धती, या दोहोंची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये केली आहे. त्यांत आठवण पुसली जात नाही. प्रशिक्षित व्यक्तीच्या सोबतीने, झेपेल एवढ्याच वेगाने ती पुन्हा पाहिली जाते आणि हळूहळू ती ‘आता घडते आहे’ या जागेवरून ‘तेव्हा घडले’ या जागेवर जाते. समुपदेशक निवडताना त्यांनी यांपैकी कशाचे प्रशिक्षण घेतले आहे, हे निःसंकोच विचारा. झोप अगदीच उडाली तर मनोविकारतज्ज्ञांकडून काही काळ औषध घेण्यातही कमीपणा नाही. सुरुवात कोठून करावी हे कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा विनाशुल्क क्रमांक आहे. तेथे मराठीतून बोलता येते.

मुलाचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. तुम्ही त्याला काहीही सांगितलेले नाही आणि तरीही त्याला सर्व कळले आहे. उघडी ठेवलेली कडी, सप्टेंबरातला तुमचा चेहरा, ट्रक गेल्यावर दचकणे यांवरून त्याने आपली एक गोष्ट रचली आहे आणि मुलांनी रचलेली अशी गोष्ट खऱ्या गोष्टीपेक्षा पुष्कळदा अधिक भयानक असते. त्याला दिवसाउजेडी, शांतपणे सांगा. आरंभ भूकंपापासून करू नका. माझी एक आई होती, ती अमुक करायची, तुला एक मामा होता, तो पाच वर्षांचा होता, असे सांगा. मग एका वाक्यात ती पहाट, आणि त्यानंतर आजीने, मामांनी मला कसे सांभाळले ते. त्याला पुढे जेवढे विचारावेसे वाटेल तेवढ्याचेच उत्तर द्या. सांगताना डोळ्यांत पाणी आले तर येऊ द्या. आई रडते आणि नंतर सावरते, हे त्याने पाहिलेले बरे.

आता वडील. तुमच्या आईला घरात एक दिवस आहे, पान आहे आणि ते वाढणारी एक मोठ्या मनाची स्त्री आहे. भावाला यांतले काहीच नाही. लहान मुलाचे श्राद्ध करण्याची रीत आपल्याकडे बहुतेक घरांत नाही. त्या दिवसांत पावसात, लाकूडफाटा अपुरा असताना, सामुदायिक चिता पेटल्या. कित्येकांना आपल्या माणसाचा शेवटचा चेहराही दिसला नाही. अशा रीतीने तो मुलगा घराच्या स्मृतीतून निसटला आणि त्याच्याविषयीचे सर्व दुःख तुमच्या एकटीच्या अपराधभावात जाऊन बसले. वडिलांचे मौन म्हणजे विसर नव्हे, असे मला वाटते. ज्याच्यावर घर राखण्याची जबाबदारी होती तो माणूस त्या रात्री शेत राखत होता; ‘मी घरी असतो तर’ हे वाक्य त्यांनी आजवर किती वेळा मनात म्हटले असेल, याचा विचार करून पाहा. म्हणून त्यांना ‘त्या रात्री काय झाले’ असे विचारू नका. भाऊ कोणासारखा दिसायचा, त्याला काय आवडायचे, हे शेतावर सोबत चालताना विचारा. ते बोलले नाहीत तर विषय तेथेच ठेवा आणि काही महिन्यांनी पुन्हा जा. बळेच बोलते केल्याने इजा होऊ शकते. ते बोलले, तर पुढच्या अविधवा नवमीला आईच्या पानाशेजारी त्याच्यासाठी त्याच्या आवडीचा एक पदार्थ ठेवायचा का, हे नव्या आईला विचारा. मला तरी वाटते की ती हो म्हणेल. भांडणाची गोष्ट वडिलांना सांगायची की नाही हे मात्र तुमच्या उपचारकर्त्यांशी बोलून, तुमचे पाय स्थिर झाल्यावरच ठरवा.

प्रश्न : मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका पुनर्वसित गावात शिक्षक आहे. दरवर्षी ३० सप्टेंबरला आम्ही मुलांना श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला नेतो. तेथे वडीलधारी मंडळी ढिगाऱ्यातून काढलेल्या प्रेतांचे वर्णन करतात. गेल्या वर्षी पाचवीतला एक मुलगा त्यानंतर महिनाभर अंथरुणात लघवी करू लागला. मुलांना नेणे बंद करावे का?

उत्तर : नेणे बंद करू नये, ऐकवण्याचा मजकूर बदलावा. वडीलधाऱ्यांना बोलण्याची गरज आहे, हे आधी मान्य करू या. भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. सरळ रेषेतले रुंद रस्ते आणि अंतरा-अंतरावर घरे आली. परंतु जुन्या गावठाणातल्या अरुंद बोळांबरोबर शेजार आणि ओट्यावरच्या बैठकीही गेल्या. जेथे हे दुःख रोज थोडेथोडे बोलले गेले असते ती जागाच न उरल्यामुळे ते वर्षातून एकदा, मुलांसमोर, सगळे एकदम बाहेर पडते. मोठ्यांसाठी आदल्या संध्याकाळी वेगळी बैठक ठेवा आणि तेथे त्यांना हवे तेवढे बोलू द्या.

मुलांच्या कार्यक्रमात नावे वाचावीत, कोणी कोणाला बाहेर काढले ते सांगावे आणि घरे का पडली हे समजावून द्यावे. दगडी भिंती कोसळल्या तरी लाकडी खांब-तुळयांचे खण कित्येक ठिकाणी उभे राहिले होते; हे ऐकले की मुलाच्या मनात ‘घर पडते’ याऐवजी ‘घर कशाने टिकते’ हा प्रश्न येतो. त्याच दिवशी बाकाखाली वाकून, डोके झाकून, बाकाचा पाय धरून बसण्याचा सराव घ्या. आजी-आजोबांना विचारून जुन्या गावठाणाचा नकाशा काढण्याचे काम पाचवी-सहावीच्या मुलांना देता येईल : विहीर कोठे होती, पार कोठे, कोणाचे घर कोणाला लागून होते. त्या विद्यार्थ्याला त्याच्या आजोबांबरोबर या कामात घ्या, आणि अंथरूण ओले होण्याबद्दल वर्गात किंवा घरात कोणी त्याला चिडवणार नाही याची काळजी स्वतः घ्या. हा त्रास अजून चालू असेल तर पालकांना सोबत घेऊन बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागाचाही सल्ला घ्या.