नुसती जर्मन शिकून पुढे काय?

बारावीचा निकाल लागला की पुढच्या दोन आठवड्यांत आमच्याकडे सल्ल्यासाठी एक प्रश्न हमखास येतो. मुलाला किंवा मुलीला भाषेची आवड असते, गुणही चांगले असतात, आणि घरच्यांना वाटतं की भाषा हा काही पदवीचा विषय नव्हे. यंदा तो नाशिकच्या सिडकोतल्या एका कुटुंबाकडून आला. ओळख पटू नये म्हणून इथे काही तपशील बदलले आहेत.

मुलगी विज्ञान शाखेची. अकरावी-बारावीला दुसरी भाषा म्हणून जर्मन घेतलेली, त्यात नव्वदच्या वर गुण. तिला पुण्याला जाऊन जर्मन घेऊन बीए करायचं होतं. वडील सातपूर एमआयडीसीत एका यंत्रसामग्रीच्या कारखान्यात फिटर. त्यांनी बीसीएचा फॉर्म भरून ठेवला होता. बसल्या बसल्या त्यांनी मुद्दा मांडला, "मॅडम, भाषा तर क्लास लावूनही येते. त्यासाठी तीन वर्षं कशाला घालवायची? आणि आता मोबाईल सगळं भाषांतर करून देतो."

दोन्ही हरकती योग्य आहेत. "आवड आहे ना, मग करू द्या" एवढ्यावर त्यांची बोळवण करणं चुकीचं ठरलं असतं.

आधी पहिली हरकत. क्लासमध्ये भाषा येते, हे खरंच आहे. पुण्यात आणि मुंबईत मॅक्स म्युलर भवन, म्हणजे गोएथे इन्स्टिट्यूट आहे. पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात वर्षानुवर्षं प्रमाणपत्र आणि पदविका वर्ग चालवतो. ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्या असतात. इंजिनियर होऊन जर्मनीला जायचं असेल, नर्सिंग करून तिकडे नोकरी हवी असेल किंवा कंपनीत जर्मन ग्राहकांशी बोलण्याचं काम हवं असेल, तर आमचा सल्ला सरळ असतो: पदवी दुसऱ्या विषयाची घ्या आणि जर्मन क्लासमध्ये शिका. नाशिकमध्ये राहून बीकॉम करत बी१ गाठता येतं. परीक्षेपुरतं पुण्याला किंवा मुंबईला जावं लागेल, एवढंच.

मग पदवीत वेगळं काय? पहिल्या वर्षी भाषाच असते, पण दुसऱ्या वर्षापासून मजकूर सुरू होतो: कविता, नाटक, कथा, भाषाविज्ञान, भाषांतर, आणि ज्याला ते 'लांडेसकुंडं' म्हणतात तो देश-समाजाचा अभ्यास. १८७१ चं एकीकरण, १९३३ ते ४५ चा काळ, १९४९ मध्ये झालेले दोन देश, १९६१ ची भिंत, ९ नोव्हेंबर १९८९ ला ती उघडणं, ३ ऑक्टोबर १९९० चं पुनरेकीकरण. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडही यातच आले, कारण जर्मन ही एका देशाची भाषा नाही. हे सगळं जर्मनमधून वाचायचं आणि त्यावर जर्मनमधूनच लिहायचं. पुढे जर्मनमध्ये एमए करणं, नेट देऊन महाविद्यालयात शिकवणं, बीएड करून शाळेत शिकवणं, साहित्याचं किंवा तांत्रिक मजकुराचं भाषांतर करणं या वाटा पदवीतून निघतात, क्लासच्या प्रमाणपत्रातून सहसा नाही.

म्हणून आम्ही मुलीला पहिला प्रश्न नोकरीचा विचारला नाही. "जर्मनमध्ये शेवटचं काय वाचलंस, पाठ्यपुस्तक सोडून?" ती थांबली. काहीच वाचलं नव्हतं. तिला भाषा आवडत होती, गुण मिळत होते, शिक्षिका आवडत होत्या. ही चांगली सुरुवात आहे, पण बीएला तेवढं पुरत नाही. या विषयात अडकलेली जी मुलं आमच्याकडे परत येतात, ती बहुतेक दुसऱ्या वर्षाची असतात: व्याकरण येतं, पण दोन पानांची गोष्ट वाचायला घेतली की दम लागतो.

तेव्हा निर्णय तीन आठवडे पुढे ढकलला. पुण्याचे आणि नाशिकचे दोन्ही अर्ज चालू ठेवले, म्हणजे कुठलीच तारीख हुकणार नव्हती. या तीन आठवड्यांत रोज चाळीस मिनिटं तिने डॉयचे वेले या जर्मन प्रसारणसंस्थेचा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम करायचा, आणि आठवड्यातून दोनदा लहान मुलांसाठी लिहिलेलं एखादं पान शब्दकोश न उघडता वाचायचं. न कळलेल्या शब्दांखाली रेघ मारायची, शेवटी फक्त पाच शब्द शोधायचे. सगळेच शोधायला बसलं की वाचन मरतं, म्हणून पाच.

त्याच वेळी ए१ ची नमुना प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवून घेतली. ती गोएथेच्या संकेतस्थळावर मोफत मिळते. ऐकणं वीस मिनिटं, वाचणं पंचवीस, लिहिणं वीस, शिवाय बोलण्याची परीक्षा साधारण पंधरा मिनिटांची. वाचन तिने वेळेआधी संपवलं. ऐकण्यात मात्र घसरली, आणि कुठे घसरली ते पाहण्यासारखं होतं. 'झीबन-उंट-त्स्वान्त्सिश' ऐकून तिने ७२ लिहिलं होतं. उत्तर २७. ती आकडा इंग्रजीतून ऐकत होती: आधी दशक, मग एकक. जर्मनमध्ये आधी सात, मग वीस. "सत्तावीस म्हण," आम्ही सांगितलं. तिने म्हटलं, आणि तिलाच दिसलं: सत्ता-वीस. आधी सात, मग वीस. (एकोणतीसला मात्र ही युक्ती चालत नाही. तिथे आपण तिसातून एक वजा करतो, जर्मन सरळ नऊ-आणि-वीस म्हणतो.)

मराठी मुलांना हे कुणी सांगत नाही, याचं वाईट वाटतं. पाठ्यपुस्तकं आणि क्लास जर्मन इंग्रजीतून समजावतात, आणि मराठीत जे आयतं आहे ते तसंच पडून राहतं. तीन लिंगं आपल्याला नवी नाहीत. तो, ती, ते आपण बोलायला लागल्यापासून वापरतो. विभक्ती आपण शाळेत घोकलेली असते. जर्मनमध्ये चारच आहेत. 'डू' आणि 'झी' म्हणजे आपलं तू आणि तुम्ही. आणि वाक्यरचना पाहा. "मला माहीत आहे की तो आज नाशिकला येतो" हे जर्मनमध्ये "इश वाइस, दास एअर हॉयटं नाख नाशिक कोम्ट". 'दास' (इथे 'की') नंतरचा क्रम जसाच्या तसा: तो, आज, नाशिकला, येतो. क्रियापद शेवटी टाकायला इंग्रजी बोलणाऱ्याला महिनोन् महिने लागतात. आपण ते न शिकता करतो. मुख्य वाक्यात मात्र क्रियापद दुसऱ्या जागी जातं, "एअर कोम्ट हॉयटं", तिथे सावध राहायचं.

फसवतं ते लिंग. मराठीत तीन लिंगं आहेत म्हणून मूल तीच तिकडे नेतं. पुस्तक नपुंसकलिंगी, जर्मनमध्येही 'दास बूख', म्हणून विश्वास बसतो. मग सूर्य येतो. आपला तो सूर्य, त्यांची 'डी झोनं', स्त्रीलिंगी. टेबल आपलं नपुंसकलिंगी, त्यांचं 'डेअर टिश', पुल्लिंगी. उपाय एकच आहे आणि तो पहिल्या दिवसापासून करावा लागतो: शब्द कधीही एकटा लिहायचा नाही. 'टिश' नाही, 'डेअर टिश', आणि शेजारी अनेकवचन. तीन लिंगांना वहीत तीन रंगांच्या पेनांनी लिहायचं. जी मुलं हे टाळतात त्यांचं ए२ पर्यंत निभावतं. बी१ ला विशेषणांचे प्रत्यय सुरू झाले की प्रत्येक वाक्य चुकतं, कारण चूक आर्टिकलमध्ये (डेअर, डी, दास) असते आणि पोर दुरुस्त प्रत्यय करत बसतं.

आता वडिलांची दुसरी हरकत, मोबाईलची. त्यांनाच सांगितलं, "काका, कारखान्यात एखादं जर्मन मॅन्युअल असेल आणि बाहेर दाखवायला हरकत नसेल, तर त्यातलं एक पान विचारून आणा." पुढच्या भेटीला त्यांनी एका जुन्या यंत्राच्या देखभाल-पुस्तिकेतल्या पानाची झेरॉक्स आणली. वरचं वाक्य होतं: "त्सीहन झी डी मुटर मिट २५ न्यूटनमीटर आन." मोबाईलने ते बरोबर सांगितलं: नट २५ न्यूटनमीटरने आवळा. काकांचा चेहरा सांगत होता की मुद्दा सिद्ध झाला. मग खालची सुट्या भागांची यादी घेतली. तिथे वाक्य नव्हतं, नुसते शब्द होते. 'मुटर' ला मोबाईल म्हणाला आई. 'फेडर' ला पीस. 'श्लॉस' ला किल्ला.

काकांनी शेजारच्या आकृतीवर बोट ठेवलं. "हा नट. ही स्प्रिंग. आणि हे लॉक." तिन्ही बरोबर. जर्मनमध्ये हे शब्द दुहेरी अर्थाचे आहेत, आणि यादीत अर्थ ठरवायला आजूबाजूला काहीच नसतं. मुलीने तेवढ्यात आणखी एक गोष्ट पाहिली: यादीत एके ठिकाणी 'मुटर्न' असं अनेकवचन होतं. आईचं अनेकवचन 'म्यूटर', नटाचं 'मुटर्न'. म्हणजे पुरावा कागदावरच होता. 'आनत्सीहन' हे क्रियापदही तसंच. त्याचा अर्थ आवळणं, आणि कपडे घालणंही. वर त्याचं 'आन' तुटून वाक्याच्या टोकाला गेलेलं.

भाषांतराचं काम आज इथे आहे. पहिला खर्डा यंत्र करतं; तो तपासून त्याची जबाबदारी घेणारं माणूस लागतं. त्याला भाषा सी१ पर्यंत यावी लागते आणि विषयही कळावा लागतो. नुसत्या बी१ वाल्याचं काम मोबाईलने खरंच काढून घेतलंय, हे आम्ही मुलीसमोरच सांगितलं. म्हणून बीए करताना जोडीला एक विषय धरायचा. तिच्या घरात तो होता: यांत्रिकी. ज्या शहरात बॉशचा कारखाना आहे आणि लोक त्याला अजून मायको म्हणतात, तिथे हा विषय परका नाही. दुसरी वाट शिकवण्याची. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाला आधी भाषा शिकवावी लागते, आणि ती शिकवणारे हवेत.

तासांचा हिशेब मात्र कडक आहे. गोएथेच्या अंदाजाने बी२ ला ४५ मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका लागतात, सी१ ला ८०० ते १,०००. समजा महाविद्यालयात आठवड्याला जर्मनच्या सहा तासिका आहेत आणि वर्षात तीस आठवडे शिकवणं होतं. वर्षाला १८०, तीन वर्षांत ५४०. म्हणजे पदवी हातात येईल आणि भाषा बी२ च्या अलीकडे राहील. जर्मनमध्ये बीए झालेला मुलगा मुलाखतीत अडखळतो तो इथे. घरी रोज एक तास धरला, आणि त्याचं मोल वर्गाच्या निम्मं मानलं, तरी तीन वर्षांत आणखी सातशेच्या आसपास तासिका भरतात. तेव्हा कुठे सी१ दिसतं. तिला वेळापत्रक असंच आखून दिलं: पहिल्या वर्षाअखेर ए२ पक्कं आणि बी१ ची तयारी, दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत बी१, तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला बी२, पदवीनंतर सहा महिन्यांत सी१. बी१ ला वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं हे चार भाग वेगवेगळे देता येतात आणि प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात. एक राहिला तर तेवढाच पुन्हा द्यायचा, हे माहीत असलं की भीती कमी होते.

महाविद्यालय निवडताना आईने फक्त वसतिगृहाची चौकशी केली होती. आम्ही चार प्रश्न लिहून दिले, फोनवर नाही, प्रत्यक्ष विभागात जाऊन विचारायचे. जर्मन हा मुख्य विषय तिन्ही वर्षं मिळतो का, की विद्यार्थी कमी पडले तर बंद होतो? आठवड्याला तासिका किती? पूर्णवेळ शिक्षक किती? गेल्या वर्षी तिसऱ्या वर्षाला किती मुलं होती? पुण्यात फर्ग्युसन, मुंबईत कालिनाला विद्यापीठाचा जर्मन विभाग, दिल्लीत जेएनयू आणि हैदराबादला इफ्लू (इंग्रजी आणि परकीय भाषांचं विद्यापीठ) ही नावं घरात ऐकून माहीत होती. जेएनयूला सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा लागते, तिने ती दिली नव्हती, म्हणून ते यंदा बाद. नाशिकहून पुण्याला एसटीने पाच तास, आईला हेच बरं वाटलं.

जर्मनीचा विषय निघालाच. पदवीनंतर तिकडे एमए करायचं तर सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी शुल्क नाही. बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये आहे, युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो. पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात) दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२. हा आकडा बदलत राहतो, अर्ज करताना ताजा पाहायचा. शिवाय नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएसचं, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासणाऱ्या कार्यालयाचं, प्रमाणपत्र लागतं. काकांनी रक्कम वहीत लिहून घेतली आणि तीन वर्षांनी बघू म्हणाले.

तीन आठवड्यांनी मुलगी आली तेव्हा तिच्याकडे सहा पानं होती, सगळ्यांवर रेघा. पहिल्या पानावर एकतीस, सहाव्यावर चौदा. चौथं पान तिला कंटाळवाणं वाटलं होतं, आणि तेही तिने पूर्ण केलं होतं. आम्हाला हेच पाहायचं होतं. "घेऊ दे प्रवेश," आम्ही काकांना म्हटलं, "पण डिसेंबरात ए२ ची परीक्षा द्यायची. त्यात ती अडकली तर पुढच्या वर्षी पुन्हा बसून बोलू. दार बंद होत नाही."

प्रवेश पुण्याला झाला. दिवाळीच्या सुट्टीत ती नाशिकला आली होती, तेव्हा वही दाखवायला घेऊन आली. मागच्या पानांवर यंत्रभागांचे शब्द होते, तीन रंगांत, आर्टिकल आणि अनेकवचनासकट, आणि प्रत्येकासमोर मराठी. मराठी रकान्यातलं अक्षर तिचं नव्हतं, काकांचं होतं. 'डी फेडर' पुढे त्यांनी स्प्रिंग लिहिलं होतं आणि कंसात: दाबाची, ताणाची नव्हे.