त्या बाईला आधी फोन कर

चि. डॉक्टरीणबाईंस अनेक आशीर्वाद.

सातव्या महिन्यातल्या त्या बाईची शुगर वाढलेली निघाली, तू तिला '5 कोटी 60 लाख मायलेकरांचा अभ्यास' ऐकवलास आणि ती ओपीडीतच रडायला लागली. आकडा तू चुकीचा सांगितला नाहीस. 2025च्या त्या विश्लेषणात मधुमेही आयांच्या मुलांत स्वमग्नता, अतिचंचलता अशा अडचणी सुमारे 28 टक्के जास्त दिसल्या. पण तिने ऐकलं असणार, शंभरातली अठ्ठावीस मुलं! शंभरात दहा असतील तिथे तेरा, असा त्याचा अर्थ. शिवाय एका गरोदरपणात साखर वाढलेली आणि दुसऱ्यात नाही, अशा एकाच आईच्या सख्ख्या भावंडांची तुलना केली की हे नातं दिसेनासं होतं, म्हणजे दोष एकट्या साखरेच्या माथी मारता येत नाही. हे तू सांगितलंस का?

त्यापेक्षा तिला हे सांग. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन जात नाही. मग बाळ स्वतःचंच जास्त इन्सुलिन बनवतं आणि अंगाने भरतं. नाळ कापली की साखर थांबते, इन्सुलिन मात्र रक्तात राहतं. म्हणून नवजात बाळाची साखर झपकन उतरू शकते. त्यासाठीच टाचेतून रक्त तपासायचं आणि पहिल्या तासात अंगावर पाजायचं. हे कळलं की बाई रडत नाही, प्रश्न विचारते.

किडकिडीत दिसते म्हणून कुणा गरोदर बाईची साखरेची चाचणी टाळू नकोस, दिसण्यावर जाऊ नये. आपल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयाने 1993पासून पुण्याजवळच्या सहा गावांत केलेल्या अभ्यासात बाळं सरासरी 2.7 किलोचीच होती, तरी कातडीखाली चरबी राखून होती. 75 ग्रॅम ग्लुकोज प्यायला द्यायचं, दोन तासांनी रक्तातली साखर 140 किंवा वर आहे का, एवढंच बघायचं. या चाचणीला उपाशी यावं लागत नाही, हे भोरहून एसटीने येणारीला आवर्जून सांग.

सासूबाईंनाही आत बोलाव. 'दोन जिवांची आहे, खाऊ दे' म्हणत डिंकाचे लाडू त्याच भरवतात. डोहाळजेवण बंद करायला सांगू नकोस, कुणी ऐकणार नाही (माझ्या सुनेच्या वेळी मीच ऐकलं नव्हतं). ताटात जिलबी एक आणि जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं, एवढं मान्य होतं.

बाळंतपणानंतर या बाया गायब होतात. बाळाच्या दीड महिन्याच्या लशीला आली की तिचीही साखर तपास. तेव्हा मात्र उपाशीपोटी बोलाव.

आणि त्या बाईला आज संध्याकाळीच फोन कर.

तुझी,
मॅडम