पाडव्याची वाट पाहू नका

सोलापूरहून एका ताईंचं पत्र आलंय. नवरा टीव्ही मालिकांत काम करतो, मुंबईत राहतो. गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या रात्री, त्याच्या फोनवरचे मेसेज यांनी वाचले. एका पुरुषाशी त्याचं लग्नाआधीपासून नातं आहे. विचारल्यावर त्याने कबूल केलं आणि हात जोडले: ‘बाहेर कळलं तर कामं बंद होतील. नव्या मालिकेचं होऊ दे, दिवाळीनंतर तू म्हणशील तसं.’ सासूबाईही तेच म्हणतात. ताईंचा प्रश्न: ‘पाडव्याला वर्ष होईल, तोवर थांबू का?’

अशी पत्रं नवी नाहीत. गाव आणि नवऱ्याचा धंदा तेवढा बदलतो. त्यामुळे समलिंगी असणं गुन्हा आहे का, या प्रश्नात जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला तो निकालात काढलाय. तुमची तक्रार त्याच्या स्वभावाबद्दल नाही, लग्न ठरताना त्याने ते लपवलं याबद्दल आहे.

आता पाडव्याचं. गेल्या वर्षी पाडवा २२ ऑक्टोबरला होता. यंदा अधिक ज्येष्ठ आला, म्हणून तो १० नोव्हेंबरला आहे. कायद्यातलं वर्ष तिथीने मोजत नाहीत, इंग्रजी तारखेने मोजतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ नुसार, फसवून संमती घेतली असेल तर लग्न रद्द करून मागता येतं. पण फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज दाखल झाला तरच. म्हणजे २२ ऑक्टोबरच्या आत, आणि त्याच आठवड्यात दसऱ्याची सुट्टीही आहे. पाडव्यापर्यंत थांबलात तर अर्ज दारातूनच परत येईल. उशीर माफ करा म्हणायची सोयही इथे जवळपास नाही. निकालाला कोर्ट कितीही वर्षं लावेल, त्याला कोण विचारतंय? तुमचा मात्र एकेक दिवस मोजला जाईल.

तारखेत फेरफार करायचं मनातही आणू नका. त्या रात्री तुम्ही बहिणीला स्क्रीनशॉट पाठवलेत, त्यावर तारीख आणि वेळ दोन्ही आहे. तोच तुमचा पुरावा, आणि खोटं बोललात तर त्यांचाही. तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. असा पुरावा देताना सोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं.

याच कलमात दुसरी अट आहे, आणि तिथे तुम्ही स्वतःचं नुकसान करून बसला आहात. फसवणूक कळल्यावर राजीखुशीने नवरा-बायको म्हणून राहिलात तर हा अर्ज टिकत नाही. तुम्ही जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत जोडीने रील काढून टाकलं, खाली ‘माझं जग’ असं लिहिलं. कशासाठी? ‘त्याच्या चाहत्यांसाठी’ असं तुम्ही कळवलंय. समोरचा वकील ते रील आधी दाखवेल. लोकांपुरता संसार आणि खरा संसार यात फरक आहे, तो मांडता येईल. कोर्ट कितपत मानेल, सांगता येत नाही. यापुढे असला एकही फोटो नको, आणि राहायला माहेरी या.

हे लपवणं कायद्याच्या भाषेत फसवणूक ठरतं का? १९७६ च्या दुरुस्तीने ‘महत्त्वाची वस्तुस्थिती’ लपवणंही त्यात आलं, त्यामुळे बाजू मांडण्यासारखी आहे. हमखास म्हणणार नाही. नाहीच जमलं तर घटस्फोटाचा रस्ता उरतो, पण तो लांबचा आहे आणि त्यात लग्न झालंच नव्हतं असं म्हणता येत नाही. लग्न रद्द झालं तरी कायमची पोटगी मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केलंय.

संमतीने वेगळं होऊ, असं तो म्हणत असेल तर उत्तमच. मात्र बोलणी चालू आहेत म्हणून घड्याळ थांबत नाही. आधी अर्ज, मग बोलणी. अर्ज सोलापुरातच करता येतो, मुंबईला खेटे घालायची गरज नाही. आणि त्याला हेही सांगा की कलम २२ प्रमाणे असे खटले बंद दाराआड चालतात, त्यातला मजकूर छापायलाही बंदी आहे. करिअरची एवढी काळजी आहे ना? मग त्याचं नाव जपायला कोर्टासारखी दुसरी जागा नाही. त्याची कोंडी मला समजते. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, आणि घरचे मुलगी बघून मोकळे होतात. पण त्या कोंडीचं भाडं तुम्ही का भरायचं?

राहता राहिले तुमचे दादा. ‘२५ लाख द्या, नाहीतर चॅनेलवाल्यांना बोलावतो’ असा मेसेज त्यांनी जावयाला केलाय म्हणे. हे खंडणीसाठी धमकावणं झालं, तेही गुन्हाच; पैसे हातात पडले तर भारतीय न्याय संहितेत सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तुमची बाजू खरी असताना तुमचा भाऊच आरोपी व्हायचा. आजच्या आज त्यांना थांबवा, आणि तो मेसेज पुसून टाकू नका, वकिलाला दाखवा.

लग्नपत्रिका, दोघांचे आधार कार्ड, लग्नाचे फोटो आणि तो फोन घेऊन या आठवड्यात कौटुंबिक न्यायालयात काम करणारा वकील गाठा. ‘दसऱ्यानंतर या’ म्हणाला तर दुसरा बघा.