नवऱ्याला समजवायला जाण्याआधी

ताई, तुमच्या लहान ख्रिस्ती समूहातली शेजारीण नवऱ्याचा मार खाते, फादरांकडे गेली तर 'प्रार्थना कर, आपला क्रूस उचल' एवढंच ऐकून परत आली, आणि आता समूहातली चार माणसं नवऱ्याला समजवायला निघालीत. त्यांना थांबवा. आज संध्याकाळचं ठरलं असेल तर आत्ता फोन करा.

हे शहाणपण आम्हाला महागात पडून मिळालंय. वसईतल्याच एका धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्यातली एकजण भर मे महिन्यात लांब बाह्यांचा ब्लाऊज घालून मिस्साला, चर्चमधल्या उपासनेला, यायची. सगळ्यांना कळत होतं. शेवटी आम्ही पाचजण तिच्या घरी गेलो. नवऱ्याने खुर्च्या मांडल्या, सरबत मागवलं, मान खाली घालून 'चुकलं माझं' म्हणाला. आम्ही रोझरी म्हटली आणि खूश होऊन घरी आलो. त्याच रात्री 'घरातलं चर्चमध्ये का नेलंस' म्हणून त्याने तिचा हात पिरगळून मोडला. त्याआधी आमचे सरबताचे ग्लास तिनेच विसळले असणार. पुढे कित्येक महिने ती आमच्याशी बोलली नाही.

म्हणून आधी तिच्या विश्वासातल्या एकाच बाईने तिला एकटीला भेटावं. चर्चच्या आवारात, फुलं लावण्याच्या निमित्ताने, कसंही. 'तू असं काय केलंस?' हा प्रश्न तोंडातून येऊ द्यायचा नाही. 'सोडून ये त्याला' असा धोशाही नको, कारण बाई निघायला लागते तेव्हाच धोका सगळ्यात जास्त असतो. वेळ तिने ठरवायची, आपण तयारी करायची. आधार कार्ड, रेशन कार्ड, मुलांचे बाप्तिस्म्याचे आणि शाळेचे दाखले, थोडे पैसे, एक किल्ली, असं सगळं शेजारच्या घरी तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं एकीने. फोनवर 'उद्या पापड लाटायला येशील का?' असं तिने विचारलं की समजायचं, रिक्षा घेऊन जायचंय.

फादरांना टाळू नका, पण त्यांच्याशी बोलताना तयारीने जा. चर्चच्या कायद्यातलं १९८३ च्या संहितेचं ११५३ वं कलम त्यांच्यापुढे ठेवा. जोडीदारामुळे दुसऱ्याच्या किंवा मुलांच्या शरीराला वा आत्म्याला गंभीर धोका असेल, तर वेगळं राहायला ते रास्त कारण ठरतं. त्यासाठी बिशपांचा हुकूम घ्यायचा, आणि थांबण्यातच धोका असेल तर तिने स्वतःच्या अधिकारात निघायचं. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या 'आमोरिस लेतित्सिया' या कुटुंबाविषयीच्या पत्रात आणखी पुढे जाऊन म्हटलंय की कधीकधी वेगळं होणं नैतिकदृष्ट्या गरजेचंच असतं. आपल्या बायकांना मारापेक्षा मोठी भीती असते ती 'मला ख्रिस्तशरीर (मिस्सात मिळणारी पवित्र भाकर) मिळायचं बंद होईल' याची. नुसतं वेगळं राहिल्याने ते बंद होत नाही. ही एवढी गोष्ट फादरांनी स्वतःच्या तोंडाने तिला सांगितली तर अर्धं काम झालं.

शिवाय तिने हे पापनिवेदनात सांगितलं असेल तर ते फादरांना बाहेर कुणाजवळ काढता येत नाही. तेव्हा तिने ऑफिसात, सिस्टरांना सोबत घेऊन, पुन्हा सांगावं. दोघा नवराबायकोला समोरासमोर बसवून समुपदेशन मात्र अजिबात नको. ज्याच्याशेजारी बसून घरी जायचंय त्याच्यासमोर ती खरं काय बोलणार?

कायद्याचं थोडक्यात. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला कुणीही कळवू शकतं, तुम्हीसुद्धा. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर त्याचं दायित्व येत नाही. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिथे राहण्याचा हक्क तिला मागता येतो. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून अडायचं कारण नाही, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, मग तिची मिळकत कितीही असो. १८१ ही महिलांची हेल्पलाइन, आणि मारहाण चालू असताना सरळ ११२. तारखा पडतात, दमायला होतं. कोर्टात तिच्यासोबत बसायला महिला मंडळाने पाळ्या लावल्या तर ती मदत दहा प्रवचनांपेक्षा मोठी.

प्रवचनांवरून आठवलं. 'पत्नींनो, पतीच्या अधीन असा' हे इफिसकरांच्या पत्रातलं वाक्य आमच्याकडे प्रत्येक नवऱ्याला पाठ. त्याच्या आधीचं 'एकमेकांच्या अधीन असा' आणि नंतरचं, ख्रिस्ताने ख्रिस्तसभेसाठी स्वतःला दिलं तसं पत्नीवर प्रेम करा, हे विचारा, कुणाला येत नाही. आमच्या फादरांनी एका उपवासकाळात तेवढ्यावरच बोलून 'बायकोवर हात उचलणं हे पाप आहे आणि गुन्हाही आहे' असं वेदीवरून म्हटलं. पुढच्या आठवड्यात तिघी ऑफिसात आल्या. त्यातल्या एकीचं लग्न आम्ही सगळे आदर्श म्हणून विवाहपूर्व शिबिरात सांगायचो.

आणि हेल्पलाइनचा कागद दाराजवळच्या फलकावर लावू नका. नवरा शेजारी असताना तो कोण वाचणार? बायकांच्या स्वच्छतागृहात, दाराच्या आतल्या बाजूला लावा, खाली फाडून नेता येतील अशा नंबरांच्या पट्ट्या ठेवून. आमच्याकडे पहिल्या महिन्यात चार पट्ट्या गेल्या. कुणी नेल्या ते आम्ही विचारलं नाही.