आधी न बांधायच्या जागा आख

चि. … हिस,

परवा तू विद्यापीठाच्या आवाराच्या नकाशाची गुंडाळी घेऊन आलीस आणि विचारलेस, "सर, 500 मुलींचे वसतिगृह कुठे बसवू? जागा तर सगळीकडे रिकामीच दिसते." चहा संपेपर्यंत मी उत्तर दिले नाही, कारण त्या वेळी दिले असते तर ते रागाचेच निघाले असते. म्हणून आता लिहितो.

तुझा सारा गोंधळ 'रिकामी' या एका शब्दात आहे. विद्यापीठाच्या आवारात रिकामी जागा नसते. चार महिने वाहणारा आणि आठ महिने कोरडा दिसणारा ओढा रिकामा नसतो, पावसाचे पाणी मुरवणारा उतार रिकामा नसतो, आणि ज्या विभागाचे नावसुद्धा आज कोणाला सुचलेले नाही त्याच्यासाठी राखलेला तुकडाही रिकामा नसतो. म्हणून आधी न बांधायच्या जागा आख. इमारती मागाहून येतात. त्यांना आणायला माणसे टपलेलीच असतात.

कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ 1962 मध्ये सुरू झाले तेव्हा त्याच्या वाट्याला 853 एकरांचा उघडा, पाण्याला महाग असलेला माळ आला होता. पुढे तेथे तळी आणि विहिरी झाल्या, पावसाचे पाणी अडवले गेले आणि आवाराची गरज भागू लागली. हे तळ्यांमुळे झाले असे लोक म्हणतात. मी म्हणतो, तळ्यांकडे उतरणारी जमीन मोकळी राहिली म्हणून झाले. इतकी जमीन सर्वांना मिळत नाही, हे तू म्हणशीलच. पुण्याला गणेशखिंडीत 411 एकर मिळाले, तर मुंबई विद्यापीठाला फोर्टात हातपाय पसरता येईनात म्हणून कलिन्याला जावे लागले. पण जमीन कमी असेल तर न बांधायची जागा आधी आखण्याची गरज वाढते, कमी होत नाही.

मूळचे कोकणातल्या आचऱ्याचे वास्तुविशारद अच्युत कानविंदे यांनी कानपूरच्या आयआयटीचे आवार आखले, ते एकदा पाहून ये. वाहने बाहेरच्या अंगाला ठेवून त्यांनी इमारती पायी चालणाऱ्यांच्या छपराखालच्या वाटांनी जोडल्या. अशी वाट आधी ठरली, तर पुढची इमारत कुठे जोडायची हे पुढच्या पिढीला विचारावे लागत नाही. पाण्याच्या आणि मैल्याच्या वाहिन्या, विजेच्या केबली यांचेही तसेच आहे. त्यांच्यासाठी पट्टा राखला नाही, तर दर दोन वर्षांनी तोच रस्ता खणायचा आणि तोच बुजवायचा.

आपल्याकडे 'बृहत् आराखडा' म्हटले की नवी महाविद्यालये कोठे द्यायची याचीच चर्चा होते. स्वतःच्या आवाराचा नकाशा मात्र बांधकाम विभागाच्या कपाटात वाळवी खाते. कुलगुरूंची मुदत पाच वर्षांची आणि झाडाची पन्नासची, त्यामुळे झाडाच्या बाजूने बोलायला बैठकीत कोणी नसते. ते काम तुझे आहे. हे मी तुला तिसऱ्यांदा सांगतो आहे, याची मला जाणीव आहे.

आता माझे सांगतो. एका विद्यापीठात असताना ओढ्याच्या काठावर एका इमारतीची जागा मीच दाखवली होती. निधी 31 मार्चपूर्वी खर्ची पडायचा होता, दुसरी जागा सपाट करायला वेळ नव्हता आणि एप्रिलमध्ये पैसा परत गेला असता तर सगळ्यांनी मलाच धरले असते. तिसऱ्या पावसाळ्यात तळमजल्यावर गुडघाभर पाणी आले आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आम्ही गच्चीवर वाळत घातले. आजही मला वाटते की त्या मार्चमध्ये माझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्यानेही हेच केले असते. तरीही नकाशावर सही माझी आहे. त्यानंतर मी हट्टी झालो. मैदानातून रस्ता काढायची फाईल मी चौदा महिने अडवून धरली, त्यापायी बदली पत्करली, आणि रस्ता शेवटी झाला नाही. त्या हट्टाबद्दल मी कोणाचीही क्षमा मागणार नाही.

पुण्यात विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल मेट्रोच्या आड आला म्हणून 2020 मध्ये पाडावा लागला. पूल निदान पाडता येतो. प्रयोगशाळा, वायूच्या नळ्या आणि वीस वर्षांची यंत्रसामग्री असलेला विभाग उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही.

तर वसतिगृह कुठे? जुन्या वसतिगृहाशेजारी, जिथे रस्ता, पाणी आणि ड्रेनेज आधीच पोचले आहे. दोनच मजल्यांचे पैसे असतील तर दोनच बांध, पण पाया आणि खांब पाच मजल्यांचे घे. त्याचा वाढीव खर्च समितीला आकड्यांत दाखव, तिथे भावनेचे भाषण करू नकोस. ओढ्याकाठचा तो सुंदर तुकडा, ज्यावर तू पेन्सिलीने चौकोन काढला आहेस, तो खोडून टाक.

जूनच्या आत नकाशा पक्का करू नकोस. पहिला मोठा पाऊस पडेल त्या दिवशी मला फोन कर. गुडघे दुखत असले तरी छत्री घेऊन येईन. पाणी जिथपर्यंत चढेल तिथे खुंट्या ठोकू, आणि उघडीप झाली की त्याच रेषेवर फक्की मारून घेऊ.

तुझा,
सर