समुद्रातला बर्फ इतका संथ सरकतो, मग त्याला तोंड देणारा प्लॅटफॉर्म बांधणं अवघड का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वादळी लाटा दणादण आदळतात, बर्फ मात्र चालणाऱ्या माणसापेक्षाही हळू येतो. मग गोठणाऱ्या समुद्रात तेल काढायला उभारलेल्या प्लॅटफॉर्मना बर्फाचीच एवढी धास्ती का, आणि त्यांचे खांब जाड करून भागत नाही का?

समुद्रातल्या बांधकामांचं स्ट्रक्चरल डिझाइन हे माझं रोजचं काम. खांब जाड करण्याचा विचार आधी सगळ्यांनाच सुचतो, पण खांब जितका रुंद तितका जास्त बर्फ त्याला अडतो आणि रेटाही वाढतो. लाट आपटते आणि ओसरते. बर्फाच्या थरामागे मात्र मैलोन्‌मैल पसरलेला बर्फ असतो आणि त्याला वारा नि प्रवाह ढकलत असतात. तो मागे फिरत नाही. त्यामुळे खांबावर जास्तीत जास्त किती जोर येणार, हे बर्फ कधी आणि कसा तुटतो यावर ठरतं.

एक ढोबळ हिशेब करून बघा. 8 मीटर व्यासाचा सरळ उभा खांब आणि 1 मीटर जाडीचा बर्फ. बर्फाळ समुद्रातल्या बांधकामांसाठीच्या आयएसओ 19906 या आंतरराष्ट्रीय मानकातल्या सूत्रात सौम्य हिवाळ्याच्या समुद्राचा, म्हणजे तिथल्या बर्फाच्या ताकदीचा, गुणांक (1.8) घातला, तर सरासरी दाब साधारण 1.3 मेगापास्कल येतो. म्हणजे एकाच खांबावर हजार टनांच्या आसपास आडवा रेटा. आर्क्टिकचा गुणांक (2.8) घातला की जाडी तीच असूनही आकडा सोळाशे टनांच्या पुढे जातो. शिवाय सगळा बर्फ सारखा नसतो. नव्या बर्फात खारट पाण्याचे कप्पे असतात, ते त्याला कमकुवत करतात. उन्हाळा काढलेल्या बर्फातून हे पाणी बरंचसं झिरपून गेलेलं असतं, म्हणून तो जास्त टणक.

हा सगळा हिशेब बर्फ दाबाखाली चिरडला जातो असं धरून आहे. वाकवला तर तोच बर्फ फार कमी जोरात मोडतो. म्हणून पाण्याच्या पातळीवर खांबाला शंकूचा आकार देतात: बर्फ उतारावर चढतो, वाकतो आणि तुकडे पडतात. कॅनडातला प्रिन्स एडवर्ड आयलंडला जोडणारा 12.9 किलोमीटरचा कॉन्फेडरेशन पूल (1997) याचं उत्तम उदाहरण; त्याच्या खांबांना असेच शंकू आहेत. अर्थात शंकू फुकट मिळत नाही. पाण्याशी रुंदी वाढली की लाटांचा मारा वाढतो, भरती-ओहोटीचा सगळा पट्टा शंकूत बसवावा लागतो आणि मोडलेले तुकडे समोर साचले तर तेही पुढून रेटायला लागतात.

पण माझ्या मते खरी डोकेदुखी कंपनाची आहे, आणि इथे बर्फाचं संथपण उलट घातक ठरतं. लवचीक खांब बर्फाबरोबर थोडा वाकत जातो, जोर साठत जातो, मग बर्फ एकदम चिरडतो आणि खांब झटक्यात मागे येतो. सरकण्याचा ठरावीक वेग जुळला की चिरडण्याचा ताल खांबाच्या नैसर्गिक वारंवारितेला (धक्का बसल्यावर तो आपोआप ज्या तालात हलतो त्याला) चिकटतो आणि सगळा सांगाडा एका लयीत थरथरत राहतो. बोल्ट ढिले होतात, वेल्डिंगच्या सांध्यांना फटीग येतो, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण पडून ते कमजोर होतात. कॅनडाच्या बोफर्ट समुद्रात 12 एप्रिल 1986 रोजी मोलिकपाक या प्लॅटफॉर्मवर जुन्या, जाड बर्फाची लादी चालून आली. वाळू भरलेला हा अवाढव्य पोलादी कोठा इतका हादरला की आतल्या वाळूने काही भागात आपली ताकद गमावली. नुसता स्थिर रेटा धरून केलेल्या गणितात असलं काही दिसत नाही.

शंकू लावला की कंपन संपलं असंही नाही. तुकडे ठरावीक लांबीचे पडत गेले की तोही एक ताल होतो. चीनच्या बोहाय समुद्रात बर्फाने 1969 मध्ये एक प्लॅटफॉर्मच आडवा केला होता. नंतर तिथे शंकू बसवले, तरी कंपनाचा अभ्यास करावाच लागला.

सपाट थर हा त्यातल्या त्यात सोपा भाग. थर एकमेकांवर चढून रिज, म्हणजे तुकड्यांची लांबलचक रास, तयार होते आणि तिचा पाण्याखालचा भाग वर दिसणाऱ्या उंचीच्या चार-पाच पट खोल असू शकतो. तो शंकूच्या खाली धडकतो, उथळ पाण्यात समुद्रतळ खरवडतो, म्हणून पाइपलाइन गाडून टाकावी लागते. अलास्कातल्या कुक इनलेटमध्ये 1960 च्या दशकात बांधलेल्या प्लॅटफॉर्मचे फोटो बघा: पाय जाडजूड, पण पाण्याच्या पातळीवर तिरपे जोड नाहीतच. बर्फ त्यांत अडकून साचू नये म्हणून. आणि तेलविहिरींनाही बर्फ लागू नये म्हणून त्या थेट त्या पायांमधून खाली नेल्या आहेत.

हिमनग हे वेगळं प्रकरण. तो हिमनदीतून तुटलेला असतो, समुद्राचं पाणी गोठून झालेला नसतो. न्यूफाउंडलंडजवळचा हिबर्निया हा काँक्रीटचा प्लॅटफॉर्म दहा लाख टनांच्या हिमनगाची धडक बिनइजा सोसेल आणि साठ लाख टनांच्या धडकेतून दुरुस्त करता येईल अशा अवस्थेत वाचेल, असं धरून बांधला आहे. शेजारच्या टेरा नोव्हा क्षेत्रात बरोब्बर उलटा मार्ग घेतला: तिथे तेल काढणारं जहाजच आहे, आणि हिमनग फार जवळ आला तर ते स्वतःच्या तळाशी असलेली जोडणी सोडून बाजूला होतं.